सासूबाईंची यादी आणि माझ्या पायाचं माप

यादी सासूबाईंनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली होती. गळ्यातल्या साजाचं निखळलेलं पान बसवून आणणे. गुळाच्या दोन भेल्या, फार पिवळा गूळ घेऊ नये. कांदा-लसूण चटणी. अंबाबाईचं कुंकू. आणि सगळ्यात खाली, अक्षर जरा मोठं करून: सूनबाईला चप्पल.

त्यांचं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. लग्न होऊन पुण्याला आल्याला साठ वर्षं झाली, तरी त्या अजून "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. कोल्हापुरात बायकांचं बोलणं असंच असतं. आता गुडघे साथ देत नाहीत, एवढा प्रवास होत नाही. "तुम्ही दोघं जाऊन या, मी राहतो बाळूच्या आईबरोबर," म्हणाल्या. बाळूची आई म्हणजे शेजारच्या काकू. यादीतली शेवटची ओळ मी वाचून न वाचल्यासारखी केली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या जिन्यावरून पाय घसरला आणि डाव्या पावलाची दोन हाडं मोडली. पाय जुळला, चालता येतं, पण पाऊल पुढून रुंद झालं आणि करंगळीशेजारी एक उंचवटा राहिला. तेव्हापासून दुकानात उजव्या पायाला बसलेलं डाव्यात शिरत नाही. मोठा नंबर घेतला की उजवा पाय आत सरकतो. दुकानातली मुलं एकामागून एक खोकी काढतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. मी बोटं आत ओढून पाय लहान करायला बघते, ती सवयच लागली आहे. चार वर्षं एकच पट्ट्याची, औषधाच्या दुकानात मिळते तसली सँडल घालते आहे. मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे. पैठणी तयार आहे, पायांचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला पुणे सोडलं. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, साताऱ्याच्या पुढे ठिकठिकाणी सहापदरीकरणाचं काम आणि वळवलेली वाहतूक. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कराड मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला, मध्येच गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि काच खाली केल्यावर काकवीचा वास आत आला. तिथे आमचा प्रवास सुरू झाला असं मी मानते.

गावात शिरून आधी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मागू नये, स्लाईस ब्रेड येतो आणि तोच खावा. कट शोषून घेऊनही तो हातात टिकतो. रश्श्याला तिथे कट म्हणतात. तो लाल असतो, पण नुसता तिखट नसतो. त्यात भाजलेल्या खोबऱ्याची, तिळाची, कांदा-लसूण मसाल्याची एक खोल चव असते. ती पुण्यात मला घरी कधीच साधली नाही. नवऱ्याने दुसऱ्यांदा कट मागवला, मग तिसऱ्यांदा. वाढणाऱ्या दादांनी न बोलता वाटीच टेबलावर ठेवली.

तिथून गुजरी. महाद्वार रोडलगतची ही सोनारांची गल्ली. सासूबाईंचा साज मी रुमालात बांधून, त्यावर पिशवी, त्यावर पर्स असा आणला होता. कारागिराने तो काळ्या मखमलीवर पसरला आणि पानं मोजत गेला. चंद्र, बेलपान, शंख, कासव, मासा, भुंगा. साठ वर्षं हा साज मी सणावाराला सासूबाईंच्या गळ्यात बघत आले होते, पण त्यातला भुंगा आणि कासव मला कधी वेगळे दिसलेच नव्हते. म्हणजे मी घरात आल्यापासूनची तीस वर्षं म्हणायला हवीत. त्याआधीची तीस त्यांच्या सांगण्यातून माझी झाली आहेत. निखळलेलं पान कमळाचं निघालं. "दोन तास लागतील, मणी पण नव्याने ओवून देतो, दोरा कुजलाय," तो म्हणाला. बरं झालं आलो. हा दोरा लग्नघरात तुटला असता तर लाखेवरचे ते मणी कुठे कुठे शोधले असते?

दोन तास हाताशी होते, म्हणून भवानी मंडपाच्या बाजूने चप्पल लाईनला गेलो. ओळीने दुकानं, छतापासून उंबऱ्यापर्यंत टांगलेल्या चपला आणि कातड्याचा, तेलाचा तो वास. कापशी, पुडा, बक्कलनळी, कचकडी अशी नावं कानावर पडत होती. कापशी हे नाव कागल तालुक्यातल्या सेनापती कापशी गावावरून आलेलं. नवरा उत्साहाने एकेक उचलून बघत होता. एका वयस्क दुकानदारांनी त्याच्या हातातली चप्पल घेतली आणि उलटी केली. "कडा बघा," म्हणाले. चांगल्या चपलेच्या कडेला कातड्याचे थर एकावर एक दिसतात. ते थर कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळा कुठेही नसतो. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, त्यामुळे रंग मधासारखा येतो आणि वापरून आणखी गडद होत जातो. शेजारच्या ढिगातली एक त्यांनी तशीच उलटी करून दाखवली. तळ रबराचा होता, वर नुसता रंग. दोन्ही त्यांच्याच दुकानातल्या, आणि त्यांनी दोन्ही दाखवल्या. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

नवऱ्याला तिथेच जोड मिळाला. रुंद पट्ट्याची कापशी, मध्ये वेणी, अंगठ्याशी छोटा गोंडा. अठराशे रुपये. त्याने किंमत पाडायला तोंड उघडलं आणि मी त्याचा हात दाबला.

मग माझी पाळी आली. पहिली शिरली नाही. दुसरी शिरली, पण उंचवट्यावर रुतली. मी बोटं ओढून घेतली आणि म्हटलं, "राहू दे, नंतर बघू." दुकानदारांनी तिसरी काढलीच नाही. त्यांनी माझ्या पायाकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तयार मालात तुमचं माप मिळायचं नाही. उद्या सकाळी सुभाषनगरला जावा. पत्ता देतो. कागदावर पाय काढून घेतील आणि करून देतील." त्यांचं स्वतःचं एक गिऱ्हाईक यात जात होतं.

साज ताब्यात घेऊन अंबाबाईच्या देवळाकडे वळेपर्यंत ऊन कललं होतं. तारीख ३१ जानेवारी. निघताना आमच्या डोक्यातही नव्हतं, पण हे किरणोत्सवाचे दिवस. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर येतात, मग दिवसागणिक वर चढत मुखापर्यंत. हवा ढगाळ असली किंवा वाटेत एखादं बांधकाम आलं की किरणं अडतात, म्हणून लोक त्या काही मिनिटांसाठी श्वास रोखून उभे असतात. एवढ्या गर्दीत उभं राहणं माझ्या पायाला झेपणारं नव्हतं. लांबूनच मुखदर्शन घेतलं, कुंकू घेतलं आणि महाद्वाराच्या बाहेर एका पायरीवर टेकलो. समोरून येणारा केशरी उजेड लोकांच्या डोक्यांवरून आत चालला होता. शेजारी बसलेल्या आजी हात जोडून हळू म्हणत होत्या, "आज पाय, आज पाय." आत घंटा वाजायला लागल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले. आत काय दिसलं ते मी पाहिलं नाही, पण त्या आजींचा चेहरा पाहिला.

रात्री रंकाळ्यावर भेळ खाल्ली आणि मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. हे मला फार आवडलेलं प्रकरण. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट ग्लास हातात देतात. नवरा लहानपणी आजोळी आला की मामा त्याला इथे आणायचे. त्याने ग्लास एका दमात संपवला. ओठांवर पांढरी मिशी आली होती, ती तशीच ठेवून तो बराच वेळ म्हशींकडे बघत उभा राहिला. मामा गेले त्याला आता दहा वर्षं झाली. मी काही बोलले नाही. दुसरा ग्लास मागवला आणि आम्ही अर्धा अर्धा प्यालो.

रविवारी सकाळी सुभाषनगर. चप्पल करणाऱ्यांची घरं आणि कामाच्या खोल्या इथे एकमेकींना लागून आहेत. अंगणात कापलेले तळ उन्हात वाळत घातलेले. म्हणूनच पावसाळ्यात काम मंदावतं. दार उघडंच होतं. साठीचे मामा रापीने कातडं कापत होते. रापी म्हणजे रुंद पात्याचं, कातडं कापायचं हत्यार. त्यांच्या बाजूला काकू बसल्या होत्या, मांडीवर पट्टा. "मी वेणी घालतो, हे तळ बघतात," काकूंनी सांगितलं. ऐकताना सासूबाईच बोलताहेत असं वाटलं. चामड्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या त्यांच्या बोटांतून इतक्या वेगाने जात होत्या की कुठली कुठे गेली ते मला कळेना. आरीने भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची. एका जोडाला किती तरी हात लागतात, आणि त्यातले निम्मे बायकांचे असतात. दुकानात टांगलेल्या चपलेवर ते कुठे लिहिलेलं नसतं.

भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये अगदी अशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हाचं. इथून आवाज उठल्यावर कंपनीने या चपलांचं मूळ मान्य केलं. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. मी कात्रणाबद्दल विचारलं तर मामा म्हणाले, "टीव्हीवाले आले, फोटो काढून गेले. नाव झालं ते चांगलंच झालं. पोरगं म्हणायला लागलंय, मी पण शिकतो." ते शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी रापी खाली ठेवली होती.

मग त्यांनी जमिनीवर तपकिरी कागद पसरला. "पाय ठेवा वहिनी. दाबून नको, मोकळा." मी डावा पाय ठेवला आणि बोटं आपोआप आत गेली. "मोडला होता काय हा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी उंचवट्यावर अंगठा ठेवला, थोडा दाबला. "इथं दुखतंय काय? बरं. मग पट्टा इथनं जरा मागं घेऊया, कान सैल ठेवूया." बस्स. पायाचा दोष, वय, नंबर यांतला एकही शब्द नाही. कान म्हणजे चपलेच्या दोन्ही बाजूंना उठलेले, पट्टा धरून ठेवणारे भाग. पेन्सिल टाचेपासून निघाली, घोट्याखालून पुढे आली, प्रत्येक बोटाशी थांबत गेली. काकू लग्न कुठे आहे, पैठणी कुठल्या रंगाची आहे ते विचारत होत्या. जांभळी म्हटल्यावर त्यांनी गोंड्यासाठी जांभळ्या रेशमाचा धागा काढून दाखवला. बोलता बोलता माझी बोटं कधी सुटी झाली मला कळलं नाही. उजव्या पायाचा कागद वेगळा काढला. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा दोन वेगळ्या बायकांचे पाय वाटावेत इतका फरक दिसत होता. मामांनी त्यांवर एकच नाव लिहिलं.

पंधरा दिवस लागतील म्हणाले. घाई केली तर तळ नीट वाळत नाही आणि चप्पल पुढे वाकडी होते. अर्धे पैसे दिले. निघताना काकूंनी नवऱ्याच्या नव्या जोडाकडे बघून सांगितलं, "पहिले आठ दिवस चावणार. रात्री आतनं खोबरेल लावून ठेवा, आणि पाण्यात अजिबात घालू नका."

बाकीची यादी पटापट झाली. मार्केट यार्डात गुळाच्या दोन भेल्या घेतल्या, तपकिरीकडे झुकणाऱ्या. गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली. तेव्हापासून या गावाचा आणि गुळाचा संबंध इतका घट्ट आहे की तिथे वासावरून भाव सांगणारी माणसं भेटतात. चटणी घेतली. दुपारी तांबडा-पांढरा जेवलो. पांढऱ्या रश्श्याच्या मी चार वाट्या प्याले, त्यातली शेवटची नवऱ्याच्या ताटातली.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सासूबाईंनी साज हातात घेऊन कमळाचं पान आधी शोधलं, अंगठ्याने चाचपलं. कुंकू लावलं. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मान हलवली. मग यादी मागून घेतली आणि एकेक ओळ खोडत शेवटच्या ओळीशी थांबल्या.

"आणि ही?"

"माप देऊन आले," मी सांगितलं.

बुधवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुभाषनगरचे मामाच होते. "वहिनी, डाव्या पायाच्या कागदावर करंगळीजवळ दोन रेघा आल्यात. आधी बोटं ओढलेली होती तुम्ही, मग सोडली बहुतेक. आज तळ कापायला घेतलाय. आतली रेघ धरू का बाहेरची?"

"बाहेरची," मी म्हटलं.