पस्तिशीतली निवृत्ती

सैन्यातल्या नोकरीचा विषय निघाला की चर्चा पगार, मान आणि जिवाची जोखीम यांभोवतीच फिरते. माझे वडील नौदलात नौसैनिक होते आणि माझे बालपण कुलाब्याच्या नेव्ही नगरात गेले, त्यामुळे मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: ही नोकरी फार लवकर संपते.

तिचे लाभ मुळीच कमी लेखू नयेत. दक्षिण मुंबईत क्वार्टर, खेळायला मैदान, अश्विनी रुग्णालयात उपचार, हे तेवढ्याच पगाराच्या दुसऱ्या कुटुंबाला परवडले नसते. वडिलांचे जहाज समुद्रात असताना आई आजारी पडली की शेजारच्या केरळी काकू आमचा स्वयंपाक करीत, आणि तसा शेजार मला पुढे कोणत्याही सोसायटीत लाभला नाही. बदल्यांमुळे शाळा बदलत राहिल्या, परंतु त्याची सवय झाली.

निवृत्तिवेतनासाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते आणि बरेच नौसैनिक पस्तिशी-चाळिशीतच बाहेर पडतात. म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढू लागतो नेमक्या त्याच वयात क्वार्टर सोडावे लागते आणि मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनावर मुंबईत घर शोधावे लागते. आम्ही बदलापूरला गेलो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या वडिलांना बाहेर पहिली नोकरी मिळाली ती सुरक्षारक्षकांवरच्या पर्यवेक्षकाची, कारण त्यांच्या अनुभवाला बाहेर चालेल असे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. केंद्राच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना 10 टक्के जागा राखीव आहेत हे खरे, पण त्यासाठीही परीक्षा द्यावी लागते.

2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न आणखी कमी वयात आणला आहे. या योजनेतून भरती होणाऱ्या अग्निवीरांची सेवा 4 वर्षांची असते, त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात आणि उरलेले पंचविशीच्या आसपास किंवा त्याआधीच, निवृत्तिवेतनाविना, सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, म्हणजे एकरकमी रक्कम, घेऊन परततात. त्यातला निम्मा वाटा त्यांच्याच वेतनातून कापलेला असतो. मला ही तरतूद अपुरी वाटते.

तरीही भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना मी परावृत्त करणार नाही. त्यांनी तांत्रिक शाखा मिळत असेल तर ती घ्यावी, सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करावी, आणि पुढे कुठे स्थायिक व्हायचे याचा निर्णय घरच्यांशी बोलून सुरुवातीच्या वर्षांतच घ्यावा.