चीक गरम आहे तोवर

पापड एकटीला लाटता येतात. दोन दिवस जास्त लागतील, पाठ भरून येईल, पण होतात. कुरडईचं तसं नाही. शिजलेला चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं गाळलेलं सत्त्व, गरम असतानाच सोऱ्यातून उतरावा लागतो. निवला की वर साय धरते, सोऱ्या दाबला जात नाही आणि तारा तुटतात. म्हणून चैत्र-वैशाखात तालुक्याच्या गावांतल्या आळ्यांमध्ये पहाटे पाचला एकाच घरी चार-पाच जणी जमलेल्या दिसतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. शेतातली सावड असते तशीच ही.

पाळी लावायची ती गहू भिजवण्यापासून. पहिल्या घराने सोमवारी सकाळी गहू भिजत घातला, तर गुरुवारी वाटण आणि शुक्रवारी पहाटे चीक शिजवणं. दुसऱ्या घराने मंगळवारी भिजवायचा. म्हणजे रोज दुपारी एका घरी वाटण आणि रोज पहाटे एका घरी कुरडई, आणि सोऱ्ये तेच फिरतात. एकाच दिवशी दोघींनी भिजवला की दोन्ही घरांचा चीक एकदम तयार होतो आणि हात कमी पडतात.

गहू तीन दिवस भिजतो. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदलायचं. एप्रिलच्या उन्हात एक वेळ जरी चुकली तरी गव्हाला उग्र वास येतो आणि कुरडई लालसर पडते. किंचित आंबूस वास यायलाच हवा, त्याला घाबरू नये. चौथ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. मग भरपूर पाणी घालून जाडसर वाटायचा, टोपात चोळून पिळायचा आणि ओल्या मलमलीतून गाळायचा. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दोनदा तरी पिळावं, कारण पहिल्या पिळण्यात सगळा चीक कधीच निघत नाही. उरलेला चोथा टाकू नका. तिखट, मीठ, तीळ घालून त्याच्या भुसवड्या होतात.

गाळलेला चीक रात्रभर हलवायचा नाही. पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून द्यायचं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. इथे घाई केली की पुढचं पाण्याचं माप चुकतं. चिकावर मळकट पातळ थर दिसतो, तो चमच्याने काढला की कुरडई पांढरीशुभ्र होते.

जेवढा चीक, तेवढंच पाणी, आणि मोजायला भांडं एकच. चार वाट्या चिकाला दोन लहान चमचे मीठ आणि थोडा हिंग. वाळल्यावर खारटपणा वाढतो, म्हणून मिठाचा हात आखडताच ठेवावा. पाणी खळखळून उकळलं की तिघींचं काम एकदम सुरू होतं: एक चिकाची बारीक धार धरते, एक लाकडी उलथन्याने सतत घोटते, एक पातेलं फडक्याने घट्ट धरून बसते. धार मोठी झाली की गुठळी होते. गुठळी बाहेरून शिजते, आत कच्ची राहते आणि नेमकी सोऱ्याच्या जाळीत अडकते. घोटायला सगळ्यांत दणकट हात बसवावेत. घरातल्या पुरुषांनी हे काम जरूर घ्यावं. घट्ट झालं की मंद आचेवर झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं वाफ, मधून मधून घोटणं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि ओलं बोट लावल्यावर चीक चिकटला नाही, की झाला. कच्च्या चिकाची कुरडई वाळल्यावर भुगा होते, तळल्यावर फुलत नाही. ते पुढे कशानेच सुधारत नाही.

आता खरा क्षण. सोऱ्ये भरायच्या आधी प्रत्येकाच्या वाटीत गरम चीक पडला पाहिजे. कुणी त्यावर कच्चं तेल घेतं, कुणी तूप, मुलं दूध-साखर. मुलांना यासाठी पहाटे उठवावंच, झोपू द्या म्हणू नये. हा चीक वर्षातून एखाद्या पहाटेच मिळतो. पातेलं तेवढ्या वेळात निवू नये म्हणून जाड फडक्यात गुंडाळून ठेवायचं. दोनच सोऱ्ये असतील तर एका वेळी दीड-दोन किलो गव्हाचाच चीक शिजवावा, बाकीचा दुसऱ्या घाण्याला.

कुरडया प्लॅस्टिकच्या कागदावर घालाव्यात. धोतरावर घातल्या तर काढताना कापडाला मागून पाणी लावावं लागतं. पहिले तीन तास राखण महत्त्वाची, कारण ओल्या कुरडईवर कावळे टपलेलेच असतात. ही राखण आजी-आजोबांची. सावलीत खाट, हातात काठी, शेजारी नातवंडं, आणि समोरच्या गच्चीवरच्या आजींशी गप्पा. दुपार कलताना उलटायच्या, पुढे दोन दिवस कडक ऊन. मोडल्यावर कट् आवाज आला आणि मध्ये मऊ लागली नाही, की वाळली. पण उन्हातून उचलून थेट डब्यात भरू नका, वाफ धरून बुरशी येते. संध्याकाळी निवू द्या. वळवाचा भरवसा नसतो, म्हणून मेच्या मध्याआधी कुरडया उरकाव्यात. मृगापर्यंत ताणू नये.

उडदाच्या पापडांचं उलटं. ते सावलीत वाळवायचे, कडक उन्हात कडा तडकतात. बटाट्याचा कीस शीतगृहातल्या बटाट्याचा केला तर तळताना तांबडा होतो, कारण थंडीत बटाट्यात साखर वाढते. खानदेशात याच दिवसांत ज्वारीचे बिबडे, कोकणात फणसाचे पापड, पण जमणं सगळीकडे सारखंच.

मोडलेल्या कुरडयांचा चुरा वेगळा ठेवावा. गरम पाण्यात भिजवून कांद्याच्या फोडणीवर टाकला की सुरेख भाजी होते. मदतीला आलेल्यांना दुपारी हीच भाजी आणि भाकरी वाढा.

डबे भरताना आधी लेकीचा, मग घरचा. आणि आळीत कुणाकडे वर्षभरात माणूस गेलं असेल तर पुष्कळ घरांत त्या साली वाळवण घालत नाहीत. त्या घराचे कुरडई-पापड बाकीच्यांनी आपल्या मापात आधीच धरायचे असतात, म्हणजे सोमवारी गहू भिजवतानाच दोन ओंजळी जास्त घालायच्या.