एक डोळा मिट, मग बघ

परवा रविवारी वर्षा आणि मी ते इल्यूजनवालं म्युझियम बघून आलो, भिंतीवर थ्रीडी चित्रं, उलटी खोली, आरसे वगैरे असतात ना तसलं. कधीपासून जाऊ जाऊ चाललं होतं, शेवटी सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालोच. फोटो तुम्ही स्टेटसला बघितलेच असतील, पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे, आणि वर्षाला विचारूनच लिहितेय.

वर्षाचा डावा डोळा आळशी आहे. डॉक्टरसुद्धा हेच म्हणतात, आळशी डोळा. वरून बघून काही कळत नाही, पण लहानपणी त्या डोळ्याचा नंबर खूप जास्त होता, कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मेंदूने हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. सात-आठ वर्षांच्या आत कळलं असतं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बरंच सुधारलं असतं, हिचं कळलं नववीत. (घरात लहान मुलं असतील तर प्लीज एकेक डोळा झाकून त्यांना लांबचं वाचायला लावा, आणि डॉक्टरांना एकदा दाखवाच. मूल आपणहून सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.) शाळेत तिला बॉल पकडता यायचा नाही म्हणून कोणी टीममध्ये घ्यायचं नाही. मीही कित्येकदा घेतलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

तर आत शिरल्या शिरल्या पहिलंच चित्र दरीचं. अर्धं भिंतीवर, अर्धं जमिनीवर, मधे एक फळी रंगवलेली, तिच्यावर हात पसरून उभं राहायचं. मला तर सरळ सरळ जमिनीला लावलेला रंग दिसत होता, टाइल्सच्या फटी, एका कोपऱ्यात पोपडा निघालेला, सगळं. आणि वर्षा त्या पावलांच्या स्टिकरवर उभी राहिली आणि एकदम माझा दंड धरला. "अगं केवढं खोल आहे!" मला वाटलं मस्ती करतेय. मग मोबाइल वर केला तर स्क्रीनवर खरंच दरी!

तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, एक आँख बंद करके देखिए." मी डावा डोळा मिटला आणि पायाखालची जमीनच खाली गेली हो, पोटात गोळा आला.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते ६.५ सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना जरा जरा वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू ठरवतो काय जवळ आणि काय लांब, म्हणून सपाट जमीन सपाट आहे हे दोन डोळे लगेच पकडतात. कॅमेऱ्याला भिंग एकच, त्याला हा फरक मिळतच नाही. म्हणून ही चित्रं फोटोत जास्त खरी वाटतात. म्हणजे मी प्रत्येक चित्र आधी फोटोत आणि मग डोळ्यांनी बघत होते, आणि वर्षा सगळी चित्रं, ज्याने काढली त्याच्या मनात होती तशी, थेट बघत होती. पुढे तर ती लोकांना पण सांगायला लागली, भैया थोडा लेफ्ट, हां बस, आणि एका फॅमिलीचा मगरीच्या तोंडातला फोटो तिने असा काही जमवून दिला की त्यांची छोटी खरंच रडायला लागली.

मग ती खोली, जिच्या एका कोपऱ्यात माणूस राक्षसाएवढा आणि दुसऱ्यात बुटका दिसतो. अ‍ॅडेलबर्ट एम्स म्हणून एक अमेरिकन होते, आधी वकिली केली, ती सोडून चित्रकलेत गेले आणि मग डोळ्यांच्या अभ्यासात, त्यांनी अशी खोली बांधली. खोली चौकोनी नसतेच. मागची भिंत तिरकी, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खूप लांब, जमीन उताराची, खिडक्या पण वाकड्या कापलेल्या, फक्त एका ठराविक जागेवरून सगळं सरळ दिसतं. मला वाटलं इथे वर्षा नक्की फसणार. तिने मान जराशी डावीकडे नेली, परत उजवीकडे, आणि म्हणाली, "तो डावा कोपरा लांब आहे गं." कसं कळलं? तर म्हणे मान हलवली की जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी. पायऱ्या उतरताना, रस्ता ओलांडताना ती हेच करते. एवढ्या वर्षांत मला ती तिची लकब वाटत होती! आणि चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवते, टिक असा आवाज येतो, मग ओतते. तेही ह्यासाठीच. मी तो टिक किती वर्षं ऐकतेय आणि कधी विचारलं पण नाही.

गोल फिरणारा बोगदा पण होता, पूल जागच्या जागी आणि भोवती दिवे फिरतात. तिथे दोघी सारख्याच रेलिंगला लटकलो, डोळे मिटले तेव्हा कुठे पूल स्थिर झाला.

परत येताना इंदूरच्या राजवाड्याला काम होतं तर वर्षा म्हणाली इतवारियात काच मंदिरात, म्हणजे जैनांच्या आरशांच्या मंदिरात, जाऊन येऊ. लहानपणी आजीबरोबर गेले होते, त्यानंतर थेट आत्ता. इंदूरचे मोठे उद्योगपती सेठ हुकुमचंद यांनी बांधलेलं, भिंती, खांब, छत, जमीन, जिकडे बघावं तिकडे काच. समोरासमोरच्या आरशांत मूर्तींची रांग आत आत जात राहते. मी एक डोळा मिटला, उघडला, परत मिटला, त्या पार मागच्या मूर्तींमध्ये मला काही फरकच दिसेना. वर्षाला सांगितलं तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात मोजायला लागली. मग मीही. माझ्या अकरा झाल्या, तिच्या चौदा.