लोहाचा प्रयोग आणि एक जाड बँड

"म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या बनवतेस का गं?" लोह आणि जनुक-नियंत्रण हा पीएच.डी.चा विषय सांगितला की आमच्या आत्याचा हा प्रश्न ठरलेला. तिचंही चूक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. माझं काम मात्र एका पेशीच्या आतलं होतं: आपल्याकडे लोह किती आहे, हे पेशीला कळतं कसं?

पेशीत आयआरपी-१ आणि आयआरपी-२ अशी दोन प्रथिनं असतात. लोह कमी पडलं की ती ठरावीक एमआरएनएंना, म्हणजे प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनए-प्रतींना, चिकटतात. त्या एमआरएनएंवर केसाच्या आकड्यासारखी एक छोटी घडी असते, तिला आयआरई म्हणतात. फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, एमआरएनएवर ही घडी सुरुवातीलाच आहे. तिथे आयआरपी बसलं की फेरिटिन तयार होणं थांबतं. पेशीत लोह आणणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएवर अशा पाच घड्या शेपटाकडे आहेत. तिथे आयआरपी बसलं की तो एमआरएनए लवकर तुटत नाही. साठवण बंद, आवक चालू. त्यासाठी जनुकाला हातही लावावा लागत नाही. लोह भरपूर झालं की आयआरपी-१ मध्ये लोह-गंधकाचा गुच्छ बसतो आणि तेच प्रथिन अकोनिटेज नावाचं विकर होऊन भलत्याच कामाला लागतं. हे वाचलं आणि मी विषय पक्का केला.

ही चिकटाचिकटी दाखवायची रीत म्हणजे जेल शिफ्ट. आयआरईचा छोटा आरएनए (प्रोब) किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ वापरून बनवायचा, पेशींच्या अर्कात मिसळायचा, जेलवर, म्हणजे विजेच्या जोरावर रेणू सरकवणाऱ्या मऊ थरावर, चालवायचा. प्रथिन चिकटलेला आरएनए मागे रेंगाळतो, मोकळा पुढे पळतो. फॉस्फरस-३२ चौदा दिवसांत जवळपास निम्मा होतो, त्यामुळे लॅबचं वेळापत्रक पार्सलच्या तारखेवर चालायचं. पार्सल येईपर्यंत पेशी तयार हव्यात, जेलच्या काचा घासलेल्या हव्यात, सुरक्षा अधिकाऱ्याची सही झालेली हवी. छातीवर अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, समोर ॲक्रिलिकची जाड ढाल, काम संपल्यावर हातांवरून गायगर काउंटर. तरी किरणोत्सर्गापेक्षा मला धास्ती वाटायची ती आरनेजची. आरएनए खाणारं हे विकर आपल्याच बोटांवर असतं, आणि एवढ्या सायासाने बनवलेला प्रोब बघता बघता संपवतं.

पेशी हेप-जी-टू, म्हणजे माणसाच्या यकृताच्या गाठीतून आलेल्या. काहींना डेसफेरॉक्झामीन देऊन लोह काढून घेतलेलं, काहींना फेरिक अमोनियम सायट्रेट देऊन लोह चढवलेलं. जेलवर ठेवलेली फिल्म धुतल्यावर पहिल्या गटाचा बँड, म्हणजे प्रथिन चिकटलेल्या आरएनएची आडवी रेघ, काळाकुट्ट, दुसऱ्याचा फिका. पुस्तकात असतो तसाच.

माझ्या गाइड मॅडम मात्र आधी जेलच्या कडेच्या लेन, म्हणजे एकेका नमुन्याच्या उभ्या पट्ट्या, बघायच्या. त्यांत तोच अर्क दोन टक्के मर्कॅप्टोइथेनॉल घालून चालवलेला असतो. त्याने अर्कातलं जवळजवळ सगळं आयआरपी-१ आरएनएला चिकटतं आणि एकूण आयआरपी-१ किती होतं ते कळतं. त्या लेन सारख्या दिसल्या तरच वरच्या काळ्या-फिक्या फरकाला अर्थ. नाहीतर एकीकडे अर्क जास्त पडला, एवढंच सिद्ध होतं. आमच्या सारख्या आल्या. तरीही शोधनिबंध लिहिता येईना, कारण तो बँड नेमका कोणाचा हा प्रश्न उरला होता. उंदराच्या पेशींत आयआरपी-१ आणि आयआरपी-२ चे बँड वेगळे पडतात. माणसाच्या पेशींत दोन्ही एकाच जागी येऊन एक जाड बँड होतो.

पीएच.डी.चा सर्वांत चिवट भाग हाच होता. आयआरपी-२ ची अँटिबॉडी मिसळायची, म्हणजे त्याचा हिस्सा आणखी वर सरकतो. ऐकायला सोपं. अँटिबॉडी कमी पडली तर काहीच हलत नाही. जास्त झाली तर सगळी लेन फराटल्यासारखी दिसते. शेजारी साध्या सीरमची लेन हवीच, नाहीतर कोणीही विचारेल की हे सरकणं अँटिबॉडीमुळेच कशावरून. अखेर जमलं तेव्हा लोह काढलेल्या पेशींत वर एक स्पष्ट बँड आला आणि लोह चढवलेल्यांत जवळपास काहीच नाही. अपेक्षित तेच: लोह असताना एफबीएक्सएल-५ हे प्रथिन आयआरपी-२ ला मोडीत काढायला पाठवतं, आणि हे एफबीएक्सएल-५ स्वतः लोह धरूनच टिकतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सांगितलं, "पेशी तू २१ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवल्यास. यकृतात एवढा ऑक्सिजन कुठे असतो?" मुद्दा बिनतोड होता. हवेतल्या ऑक्सिजनमध्ये आयआरपी-१ चा गुच्छ लवकर मोडतो. ऑक्सिजन कमी असला की आयआरपी-२ चा वाटा वाढतो. म्हणजे माझ्या जाड बँडमधला कोणाचा हिस्सा किती, हे थोडंफार इन्क्युबेटरनेच ठरवलं होतं. प्रबंध मंजूर झाला, पण ते प्रकरण मला अर्धंच वाटतं. सध्या त्याच पेशी तीन टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवतेय, आणि प्रोब किरणोत्सर्ग नसलेल्या बायोटिनचा घेतलाय, त्यामुळे पार्सलची वाट तरी बघावी लागत नाही.