जंगलात कोणी बघत नाही

एप्रिल २०२३, विंटरथुर, स्वित्झर्लंड

ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत जंगलात धावण्याच्या खेळाच्या, विश्वचषकाची पहिली फेरी नॉर्वेत सुरू झाली आणि आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. जेवण शर्यतीनंतर, बाजारहाट शर्यतीनंतर. लॅपटॉपवर जंगलाचा नकाशा उघडा असतो आणि त्यावर रंगीत ठिपके सरकत असतात. एकेक ठिपका म्हणजे पाठीवर छोटा ट्रॅकर घेऊन धावणारा एकेक स्पर्धक. तो टेपाडाच्या डावीकडून जाईल की उजवीकडून, यावर आमच्यात पैजा लागतात. आम्हाला इथे बसून सगळं दिसतं. कोण पुढे, कोण मागे, कोण शेजारच्याच घळीत उतरला. ज्याला हे दिसायला हवं, त्याला मात्र यातलं काहीच दिसत नसतं. त्याच्याजवळ एक कागदी नकाशा आणि अंगठ्याला अडकवलेलं होकायंत्र, बस. नकाशा दाखवणारं घड्याळ वापरायला मनाई आहे.

साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा नेमके शेवटचे धावपटू जंगलात होते. ओरिएंटियरिंग हा शब्द तिला आता तोंडपाठ आहे, पण प्रश्न दर वेळी तोच.

“अगं, पण वाट कोण दाखवतं?”

“कोणीच नाही, आई.”

“आणि चुकलीस तर?”

“तर माझी मीच शोधायची.”

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मग पोटभर खाऊन जात जा.”

तिला फोनवर जे सांगते तेच इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसातले मराठी मित्रही हेच विचारतात. नकाशावर जांभळ्या रंगाचा त्रिकोण म्हणजे सुरुवात, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. मध्ये क्रमांक घातलेली वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, खऱ्या जंगलात, पांढरा-नारिंगी झेंडा टांगलेला असतो, तीस सेंटिमीटरचा. तो एखाद्या दगडामागे असतो, खळग्यात असतो किंवा डोंगराच्या सोंडेच्या टोकाला. बोटाला लावलेली चिप तिथल्या यंत्राला टेकवायची आणि पुढच्या झेंड्याकडे निघायचं. क्रम बदलता येत नाही. पण दोन झेंड्यांच्या मधली वाट पूर्णपणे तुमची. चढ चढून सरळ जा, नाहीतर पायवाटेने लांबचा वळसा घ्या. नकाशात पांढरा रंग म्हणजे धावता येण्याजोगं जंगल, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, पिवळा म्हणजे उघडं माळरान. तपकिरी रेषा उंचीच्या, आणि सगळी विद्या त्या तपकिरी रेषांत आहे.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुरुष दीड तासाच्या वर धावतात, आणि एवढा वेळ पळता पळता त्या रेषा वाचत राहायचं. नाडी १८०च्या आसपास असताना डोकं शांत ठेवणं काय असतं, ते बाहेरून बघून कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

जून, पोर्वो, फिनलंड

क्लबच्या बायकांबरोबर यूकोला या रिले स्पर्धेला आले आहे. हेलसिंकीच्या पूर्वेला, तासाभराच्या अंतरावर. शेताच्या कडेला तंबूंचं गाव उभं राहिलंय, सैन्याची छावणी पडावी तसं. पुरुषांची यूकोला १९४९ पासून चालते, सात टप्प्यांची रिले. बायकांची वेन्ला १९७८ पासून, चार टप्प्यांची. आमची वेन्ला शनिवारी दुपारी झाली, आणि रात्री अकराला यूकोला सुटली.

या खेळातले जगज्जेते इथे आपापल्या क्लबच्या संघातून धावतात. त्याच जंगलात शाळामास्तर असतात, सुतार असतात, तिघी बहिणी आणि त्यांची आई मिळून केलेला संघही असतो. पुरुषांचेच दीड हजारांच्या आसपास संघ. अकराच्या ठोक्याला कपाळावरचे दिवे एकदम पेटले आणि ती सगळी उजेडाची लाट शेतातून वर चढत झाडांत शिरली. दोन मिनिटांत शेत रिकामं. मग पाऊण-एक तास काहीही नाही. एवढी माणसं जंगलात धावताहेत आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी फक्त थांबायचं.

रिलेतली युक्ती मला फार आवडते. एकाच टप्प्यावर धावणाऱ्या सगळ्यांचे झेंडे सारखे नसतात. माझा सातवा झेंडा दगडाच्या उत्तरेला असेल, तर शेजारणीचा पन्नास पावलांवर दुसऱ्याच खळग्यात. चारही टप्पे मिळून प्रत्येक संघाच्या वाट्याला तेच सगळे झेंडे येतात, पण कोणाला कुठला कधी, हे वेगळं. त्यामुळे पुढच्या पाठीवर नजर ठेवून धावणाऱ्याचं काही चालत नाही. झेंड्यावरचा सांकेतिक क्रमांक आपल्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे प्रत्येक वेळी स्वतः बघायचं. आमच्या प्रशिक्षक बाईंचं एकच सांगणं असतं, “समोरच्या दिव्याला तुझा पत्ता माहीत नाही.” माझा तिसरा टप्पा दुपारच्या लख्ख उन्हात होता, तरी ते वाक्य डोक्यात घेऊनच धावले.

फिनलंडमध्ये आल्यावर या खेळाचं वय जाणवतं. पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत, ऑस्लोजवळ, ३१ ऑक्टोबर १८९७ ला झाली. मग १९१९ मध्ये स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली आणि खेळ पसरला. १९६१ मध्ये कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, दहा देशांचा. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ ची, इथून पश्चिमेला असलेल्या फिस्कार्सला. फिस्कार्स म्हणजे तेच कात्र्यांचं गाव. आमच्या स्वयंपाकघरातल्या नारिंगी मुठीच्या कात्रीवर ते नाव रोज वाचते.

जुलै, फ्लिम्स, स्वित्झर्लंड

हा आठवडा मी वर्षभर राखून ठेवला होता. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, घरापासून रेल्वे आणि बसने दोन-अडीच तासांवर.

सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी फ्लिम्सच्या वरचा डोंगर कोसळला. आल्प्समधली ही सगळ्यात मोठी ज्ञात दरड. ऱ्हाईन नदी अडली, तिचं तळं झालं, मग नदीने त्या ढिगाऱ्यातूनच वाट कापली आणि पांढऱ्या कड्यांची घळई तयार झाली. उरलेल्या ढिगाऱ्यावर जंगल वाढलं. म्हणून इथली जमीन कशीच सरळ नाही. खळग्यात खळगा, टेपाडावर टेपाड, घराएवढे दगड, त्यांवर शेवाळ, मध्येच निळंशार काउमा तळं. नकाशावर तपकिरी रेषा इतक्या दाट की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, छपाई बिघडली आहे.

असं जंगल जगातल्या उत्तम धावपटूंसाठी काही वर्षं बंद होतं. स्पर्धेची जागा जाहीर होते त्याच वेळी नकाशावर एक सीमा आखली जाते, आणि ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे त्याने, त्याच्या प्रशिक्षकाने, त्या सीमेच्या आत जायचं नाही. जुने नकाशे असतील तर ते सगळ्यांसाठी खुले करतात, म्हणजे यजमानांना जास्तीचा फायदा नको. कुंपण नाही, पहारेकरी नाही. गावातले लोक कुत्रा घेऊन रोज तिथे फिरायला जातात, पर्यटक तळ्यात पोहतात. फक्त ज्यांना त्या जंगलाची सगळ्यात जास्त ओढ, तेच बाहेर थांबतात. स्विस संघातल्या मुला-मुलींना तर सुट्टीत सहज जाता आलं असतं, पाहिलं कोणी असतं? ते गेले नाहीत, एवढं सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे, आणि त्या गृहीतावर अख्खी स्पर्धा उभी आहे.

शर्यतीच्या दिवशीही तेच. उशिरा सुटणाऱ्यांना आधीच एका ठिकाणी नेऊन बसवतात, फोन जमा. आधी सुटलेला काय सांगेल, पडद्यावर काय दिसेल, ते त्यांच्या कानांवर पडू नये म्हणून. वेळ झाली की एकेकाने, ठरलेल्या अंतराने निघायचं. नकाशा हातात येतो तो घड्याळ सुरू झाल्यावरच.

मी कडेशी, मोठ्या पडद्यासमोरच्या गर्दीत उभी होते. लांब पल्ल्यात सिमोना एबरसोल्ड जिंकली. तिचं हे पहिलं वैयक्तिक जागतिक सुवर्ण, घरच्या जंगलात. तिचे वडील क्रिस्टियान १९९१, १९९३ आणि १९९५ च्या विजेत्या स्विस रिले संघांत होते, म्हणजे नकाशे त्या घरात आधीपासूनच टेबलावर असणार. याआधीच्या स्पर्धांत सिमोनाने पदकं भरपूर मिळवली, पण सर्वात वरची पायरी स्वीडनची टोव्ह अलेक्सांदरसन सोडत नव्हती. शेवटच्या झेंड्यावरून सिमोना उतारावर दिसली तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात घट्ट धरला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पुरुषांत नॉर्वेचा कॅस्पर फोसर. त्याचं धावणं मला हिशेबी वाटायचं, या आठवड्यात मत बदललं. इतक्या खडकाळ रानात तो कुठेही थबकत नाही, कारण पुढचा झेंडा येण्याआधीच त्याचा त्यापुढचा निर्णय झालेला असतो. मध्यम पल्ल्यात आमच्या स्विस मथियास कीबुर्त्सने सोनं घेतलं आणि मग गावात जो जल्लोष झाला तो मध्यरात्रीपर्यंत ऐकू येत होता.

रात्री खोलीवर विषय निघाला तो २००९ चा. क्लबमधले एक जुने गृहस्थ त्या वेळी हंगेरीत, मिश्कोल्त्सला होते. पुरुषांची रिले, शेवटचा टप्पा, पुढच्या घोळक्यात पदकाचे दावेदार. स्वीडनचा मार्टिन योहानसन पळता पळता एका फांदीवर आदळला आणि ती त्याच्या मांडीत खोल घुसली. फ्रान्सचा तिएरी गेओर्गिउ, नॉर्वेचा आंदर्स नूरबर्ग आणि चेक मिखाल स्मोला, तिघेही थांबले. रक्त थांबवायला धडपडले, मदत बोलावली, त्याला सोडून गेले नाहीत. मागून येणारे संघ निघून गेले. तिघांच्या देशांचं पदक तिथेच, त्या झाडाखाली संपलं. सुवर्ण स्वित्झर्लंडला मिळालं. गृहस्थ सांगत होते की मैदानावर सुरुवातीला कोणालाच कळेना, एवढे तगडे धावपटू येत का नाहीत.

जे आत घडलं ते त्या चौघांपुरतं होतं. कोणी बघत नव्हतं, आणि ते थांबले. मला या खेळाबद्दल एवढं प्रेम का वाटतं, असं कोणी विचारलं तर मी विक्रम सांगत नाही. मी मिश्कोल्त्स सांगते.

स्पर्धा आटोपल्यावर बंदी उठली आणि आम्हा हौशी लोकांनाही त्या डोंगरात धावायला मिळालं. खळग्यांत बर्फासारखं गार असतं आणि टेपाडावर आलं की ऊन. फोसर जिथून गेला होता त्या दगडांमधून मी हातांचा आधार घेत उतरले. त्याच्या पायांखाली काय होतं हे पडद्यावर काहीच कळलं नव्हतं.

ऑक्टोबर, वेरोना

युरोपीय अजिंक्यपद, या वेळी स्प्रिंटचं. २०१९ पासून जागतिक स्पर्धाही वाटून घेतल्या आहेत. विषम वर्षी जंगल, सम वर्षी शहर. नकाशा १:४०००, शर्यत पंधरा मिनिटांच्या आत संपते. गल्लीबोळ, जिने, कमानी. जाड काळी भिंत ओलांडायची नाही, ऑलिव्ह हिरव्या रंगातल्या खासगी बागेत पाऊल टाकायचं नाही, टाकलं की बाद. मुलांना हा प्रकार फार आवडला, आइस्क्रीम खाता खाता धावपटू हाताच्या अंतरावरून जातात. प्रेक्षक मिळायचे तर ते असेच मिळणार, हे मला पटतं. तरी माझं मन तिथे पूर्ण रमलं नाही. प्रत्येक कोपऱ्यावर पंच, प्रत्येक गल्लीत कॅमेरा. बाद ठरण्याची भीती नियम पाळायला लावते तेव्हा मला जंगलातली ती मोकळी, न राखलेली सीमा आठवते.

१० ऑगस्ट २०२४

हंगाम नवा, वही तीच. या एप्रिलमध्ये कीबुर्त्स पॅरिसला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला आणि २ तास ७ मिनिटं ४४ सेकंदांत संपवून ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. आमचा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे तिथे पोहोचायचं तर त्याला रस्त्यावरच उतरावं लागलं. आज सकाळी आठला टीव्ही लावून बसलो. आघाडीचे धावपटू पुढे निघून गेले तेव्हाही आम्ही पाठीमागच्या लाल बनियनचाच शोध घेत होतो. कॅमेरा त्याच्याकडे वळतच नव्हता, पण वेळांच्या यादीत दर पाच किलोमीटरला त्याचं नाव दिसत राहिलं.

मंगळवारी क्लबच्या मुलांचा सराव आहे आणि जंगलात झेंडे लावायची पाळी माझी. मुलं कीबुर्त्सबद्दलच विचारणार म्हणून आकडे पाठ करून ठेवले आहेत. ४२.१९५ किलोमीटर, ३०वा क्रमांक, आणि सगळी शर्यत नकाशाशिवाय.