टोकांना पुन्हा पर्मनंट रंग नको

परवा केस धुऊन टॉवेलने टिपले आणि खिडकीशी जाऊन एक बट पुढे घेतली. मुळांशी तपकिरी, कानाच्या खाली तांबूस, टोकाला चक्क नारिंगी. तीन महिन्यांपूर्वी हेच केस एकसारखे तपकिरी होते.

पूर्वी असं झालं की मी पर्मनंट रंगाची नवी ट्यूब काढायचे आणि मुळांपासून टोकांपर्यंत थापायचे. दोन वर्षं असंच चाललं आणि टोकं काथ्यासारखी झाली. गुंता सोडवताना तुटायची. मग खोलात जाऊन वाचलं, तेव्हा कारण कळलं. पर्मनंट रंगातला अमोनिया केसाचं वरचं आवरण फुगवतो आणि डेव्हलपर (रंगात कालवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड), बहुतेक वेळा ६ टक्क्यांचा, केसाचा मूळ रंगही थोडा फिका करतो. फिक्या झालेल्या केसात तांबूस-पिवळी छटाच उरते. वरून भरलेला रंग धुण्यांत उतरला की ती उघडी पडते. म्हणजे नारिंगी झाकायला मी जे लावत होते, त्यानेच पुढचा नारिंगी तयार होत होता.

आता लांबीला आणि टोकांना फक्त डेमी-पर्मनंट. याचा डेव्हलपर बराच सौम्य, साधारण दीड ते चार टक्क्यांचा, आणि बहुतेकांत अमोनिया नसतो. तो मूळ रंगाला फारसा हात लावत नाही, नुसता रंग भरतो. वीस-पंचवीस धुण्यांत हळूहळू उतरतो, त्यामुळे मुळांशी ठसठशीत रेघ दिसत नाही. काळे केस यानं उजळत नाहीत, आणि पांढरे केस पूर्ण झाकले न जाता बाकीच्यांत मिसळून जातात. मला तेच आवडतं.

शेड निवडताना मात्र मी एकदा फार चुकले. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा, हे पाठ होतं. म्हणून गडद अ‍ॅश (निळसर-राखाडी, थंड छटेची शेड) आणली आणि सगळ्या केसांवर पूर्ण वीस मिनिटं ठेवली. वरचे केस छान झाले, टोकं मळकट, हिरवट राखाडी. ब्लीच किंवा जुन्या रंगानं सच्छिद्र झालेली टोकं रंग अधाशासारखी पितात, आणि थंड छटा तर आधी ओढून घेतात. त्यात माझी अगदी शेवटची टोकं नारिंगीपेक्षा पिवळीच होती, आणि पिवळ्यावर निळा पडला की हिरवटच दिसणार. ते उतरायला दोन-तीन आठवडे लागले. तेव्हापासून हव्या त्या रंगापेक्षा एक लेव्हल (गडदपणाची पायरी) फिकी शेड घेते आणि अर्धी अ‍ॅश, अर्धी न्यूट्रल (ना थंड, ना उबदार) मिसळते.

परवाही तसंच केलं. प्लॅस्टिकच्या वाटीत ३० ग्रॅम रंग, ६० ग्रॅम डेव्हलपर (माझ्या ट्यूबवर एकास दोन लिहिलंय, तुमच्यावर वेगळं असेल तर तेच पाळा). आधी मानेवरची एक बट करून बघितली. मग दमट केसांवर, मधल्या भागापासून सुरुवात. कालवताना सायीसारखं दिसणारं मिश्रण बघता बघता जांभळट तपकिरी होतं. वाटीतला हा गडदपणा पाहून घाबरायचं नाही, केसावर तेवढा रंग चढत नाही. टोकांना हात शेवटच्या पाच मिनिटांत. दर थोड्या वेळानं एक बट टिश्यूनं पुसून उजेडात धरायची. नारिंगी विझल्यासारखा वाटला तसं पंधराव्या मिनिटाला धुऊन टाकलं.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. पाकिटावर 'अमोनिया नाही' लिहिलं असलं तरी आत पीपीडी (केसांच्या रंगातलं एक रसायन) किंवा त्याच्या जातीची रसायनं असू शकतात, आणि त्यांची अ‍ॅलर्जी नंतर कधीही उद्भवू शकते. म्हणून ४८ तास आधी पॅच टेस्ट (त्वचेवर थोडासा लावून बघणं), दर वेळी, मागच्या वेळी काही झालं नसलं तरीही. आणि कालवलेला रंग उरला तर बाटलीत भरून झाकण लावू नका. आत वायू साठून बाटली फुटू शकते.

केस वाळल्यावर पुन्हा खिडकीशी गेले. बट पुढे घेतली, बोटांतून सोडली. मधे कुठे अडकली नाही. टोकांशी अजून किंचित तांबूस ऊब आहे, ती मुद्दामच राहू दिली. पुढच्या महिन्यात ब्रश फक्त मुळांना.