डोरो नदीकाठची दगडी चढण

आज पोर्तोमध्ये दिवसभर एकटीने पायपीट केली आणि आता पाय अक्षरशः बोलू लागले आहेत. सकाळी साओ बेन्तो स्थानकाच्या भिंतींवरील, जवळपास वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेला पोर्तुगालचा इतिहास मान दुखेपर्यंत पाहिला. तिथून खाली रिबेरा या नदीकाठच्या जुन्या वस्तीत उतरताना ग्रॅनाइटच्या गुळगुळीत पायऱ्यांवर प्रत्येक पाऊल कठड्याला धरून टाकावे लागले. या वयात चढण्यापेक्षा उतरणेच गुडघ्यांची अधिक परीक्षा पाहते.

नदीकाठच्या भिंतीवरील एका कांस्यशिल्पापाशी मात्र मी थकवा विसरून बराच वेळ उभी राहिले. २९ मार्च १८०९ रोजी फ्रेंच सैन्यापासून जीव वाचवण्यासाठी पळणारे असंख्य लोक इथल्या होड्या जोडून केलेल्या पुलावरून नदीत पडून बुडाले, त्यांचे ते स्मारक आहे. खाली मेणबत्त्या तेवत होत्या, वितळलेले मेण थरांवर थर साचले होते, आणि दोन शतकांनंतरही कुणीतरी आठवणीने इथे येते, याने मला गलबलून आले.

१८८६ मध्ये खुला झालेला दुमजली लोखंडी दों लुईस पूल खालच्या मजल्यावरून ओलांडला. वरच्या मजल्यापर्यंत चढण्याचे त्राण नव्हते, म्हणून परतताना सरळ फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी रुळावरची गाडी, गाठली. सोबतीला कुणी नसल्यामुळे हवे तिथे, हवे तितके थांबता आले, हे सुख मला फार मोलाचे वाटते. उद्या फक्त साओ फ्रान्सिस्को चर्चमधील सोनेरी लाकडी कोरीवकाम पाहणार आहे, तेही दुपारनंतर.